टिपणिसांच्या बॉम्ब शेल्टरमधली वाइन

सिंगापूरच्या टॅम्पिनीसला हेमचंद्र टिपणिसांकडे जेवायला जायचं तर दोन गोष्टींची तयारी ठेवावी लागे. मधुमतीवहिनींच्या हातचं जेवण अंमळ जास्त होणार, आणि त्याआधी हेमचंद्रांचं वाइनवरचं प्रवचन ऐकावं लागणार. जेवण गरम असे. दुर्दैवाने वाइनही गरम असे.

माणूस तसा सोन्यासारखा. ठाण्याचा सीकेपी, म्हणजे खाण्यापिण्याच्या बाबतीत जन्मजात न्यायाधीश. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत मॅनेजर. कंटेनर कुठल्या बंदरात अडकलाय ते शोधायचं आणि तो आपल्यामुळे अडकलेला नाही हे लोकांना पटवून द्यायचं, असं एकंदर काम. संध्याकाळी घरी यायचं, शर्टाचं वरचं बटण काढायचं आणि बायकोच्या कढईत डोकवायचं. इतकं सरळ आयुष्य चाललेलं असताना एका दिवाळीत त्यांनी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या क्लेमांस नावाच्या फ्रेंच मुलीला डबाभर चकल्या दिल्या. डबा रिकामा परत करू नये हे त्या पोरीला कोणी शिकवलं कोण जाणे, पण डबा परत आला तो एका बाटलीसकट.

बाटली तिच्या आईच्या मळ्यातली होती. फ्रान्समधल्या बोजोलेच्या डोंगरउतारावर ओदिल नावाची ही बाई आजोबांनी लावलेल्या द्राक्षवेली सांभाळते. वेली मांडवावर चढवलेल्या नाहीत. कढीपत्त्याच्या झुडपाएवढ्या बुटक्या, प्रत्येकीपुढे कंबरेत वाकावं लागतं. घोस हाताने तोडायचे, लेबलंही हातानेच डकवायची, त्यामुळे काही लेबलं तिरकी. हेमचंद्रांनी त्या संध्याकाळी पहिला घोट घेतला. आधी जांभूळ लागलं, मग थोडी मिरी, आणि शेवटी जिभेच्या कडेला कोकमासारखा बारीक चटका. जन्मभर ऑफिसच्या पार्ट्यांत व्हिस्कीत सोडा ओतत आलेला हा गृहस्थ सोफ्यावर गप्प बसून राहिला. वहिनींना वाटलं, ह्यांचा कुठलासा कंटेनर बुडाला.

त्यानंतर दरवर्षी क्लेमांसकरवी ओदिलबाईंची एक पेटी टॅम्पिनीसला येऊ लागली. ‘ओदिलबाई’ हे हेमचंद्रांनीच केलेलं बारसं. बाई जशी काही ठाण्याच्या नौपाड्यातल्या भिशीतली. पेटीबरोबर ह्यांचा अभ्यासही सुरू झाला. इंटरनेटवर एका टाय लावलेल्या गोऱ्या माणसाने त्यांना सांगितलं की लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवू नये, खोलीच्या तपमानाला प्यावी. हेमचंद्रांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. त्या माणसाची खोली कुठल्या देशात आहे, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आणखी एक शोध त्यांनी स्वतःच लावला. फ्रान्समध्ये वाइन तळघरात ठेवतात. नवव्या मजल्यावर तळघर कुठून आणणार? पण इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते, बॉम्ब शेल्टर म्हणतात तिला. बॉम्ब पडले तर घरच्यांनी आत जाऊन बसायचं. बॉम्ब काही पडत नाहीत, तेव्हा लोक तिथे सुटकेसी, कांदे-बटाटे आणि नको असलेली लग्नातली भांडी ठेवतात. हेमचंद्रांनी कैरीच्या लोणच्याची बरणी आणि वालाची पिशवी खालच्या फळीवर ढकलली आणि मधल्या फळीवर ओदिलबाई आडव्या झोपवल्या. दार ओढून घेतलं की आत मिट्ट काळोख. “अगदी तळघर,” ते पाहुण्यांना सांगायचे. आत एखाद्या कुकरसारखं कोंदट व्हायचं, ह्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पुढे पुढे बाटल्यांची बुचं तोंडातून किंचित वर यायला लागली. हेमचंद्र म्हणाले, वाइन श्वास घेतेय.

दहाव्या मजल्यावरचा संजीव हा ह्या प्रकरणातला पहिला बळी. चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या कामाने डोकं तापवून तो बिचारा खाली आला की हेमचंद्र त्याच्या हातात मोठ्या पोटाचा ग्लास देत.

“टिपणीस, एक बर्फाचा खडा मिळेल का हो?”

“संजीव, तू आज बोललास ते बोललास. परत ह्या घरात बोलू नकोस.”

“अहो, पण घशाला शेक बसतोय.”

“ती ऊब आहे. फ्रान्सची ऊब.”

वहिनींनी एकदाच चव घेतली. “हे द्राक्षासव आहे,” त्या म्हणाल्या. “जेवणानंतर दोन चमचे घ्यायचं, कोमट पाण्यातून. माझ्या आजोळी सगळे घ्यायचे.” त्यानंतर त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला हेमचंद्रांनी पेटीतली एक बाटली रिबिन बांधून बायकोला भेट दिली. आपल्याला आवडणारी वस्तू बायकोला भेट द्यायची ही युक्ती ब्लॉकमधल्या प्रत्येक नवऱ्याला ठाऊक आहे, आणि प्रत्येक बायकोलाही. वहिनींनी रिबिन सोडली, व्यवस्थित गुंडाळून खणात ठेवली आणि बाटली उचलून थेट फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी.

“मधू, अगं हे काय करतेस?”

“माझी आहे ना? मग मी ठेवीन तिथे राहील.”

“तिचं वाटोळं होईल.”

“माझ्या वस्तूचं मी बघीन. तुम्हाला कधी हवीशी वाटली तर मागा. मागितलीत की उघडीन.”

हेमचंद्र कशाला मागतात. दूध घ्यायला फ्रिज उघडला की ते त्या बाटलीकडे एखाद्या आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघत आणि दार हळूच लावत. बाटली तिथेच राहिली, पुढची नवी पेटी आली तरीही.

यंदाच्या वसंतात ओदिलबाईंच्या उतारावर एका रात्रीत दहिवर गोठलं आणि निम्मे कोंब करपले. क्लेमांसने ऑफिसच्या कँटीनमध्ये ही बातमी सांगितली आणि पाठोपाठ दुसरी. तिची आई तिला भेटायला सिंगापूरला येत होती. वाइन थोडीच निघणार, म्हणून आईने ठरवलं होतं की यंदापासून व्यापाऱ्यांना नाहीच. ज्या घरांत ती नीट प्यायली जाते तेवढ्याच घरांना द्यायची. जमेल तितकी घरं स्वतः बघायची. “तुझ्याकडे जेवायला येईल ती रविवारी,” क्लेमांस म्हणाली. “चकल्यांचं घर म्हणून तुला ओळखते.”

हेमचंद्र त्या दिवशी एमआरटीतून टॅम्पिनीसला उतरायचं विसरले आणि शेवटच्या स्टेशनावर, पासिर रिसपर्यंत, जाऊन परत आले.

“मधू, ही परीक्षा आहे,” बूट काढता काढता त्यांनी जाहीर केलं. “बाई घर बघणार. पसंत पडलं तर पेटी, नाहीतर ह्यापुढे ओदिलबाई बंद.”

“मुलगी दाखवायची आहे का आपली?”

“चेष्टा करू नकोस. त्या वाइनशिवाय मी…” दिवसभर कंटेनरांच्या मागे धावल्यावर शनिवारच्या त्या एका पेल्याची ते आठवडाभर वाट बघत, आणि ही गोष्ट बायकोसमोर कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. वहिनींना ती केव्हाच कळलेली होती, हा भाग वेगळा.

“बिरडं करते,” त्या एवढंच म्हणाल्या आणि वाल भिजत घालायला उठल्या.

बिरडं हे हेमचंद्रांचं जुनं मत होतं. ओदिलबाईंच्या वाइनला जगात जर कोणी जोडीदार असेल तर तो मधूचं वालाचं बिरडं, असं ते भर सभेत सांगत. संजीव त्यावर म्हणे की एवढ्या गरम वाइनमध्ये वाल थेट शिजवताही येतील.

शनिवारी हेमचंद्रांनी घर पुसलं, स्वतः. मग त्यांची नजर फ्रिजवर गेली.

“मधू, उद्यापुरती ती तुझी बाटली तेवढी दुसरीकडे ठेव ना. बाईंनी चुकून फ्रिज उघडला तर? लाल वाइन, आणि इडलीच्या पिठाशेजारी.”

“माझी बाटली हलणार नाही.”

शेवटी त्यांनी वहिनी आंघोळीला गेल्यावर बाटलीवर कोथिंबिरीची जुडी पसरली आणि वर पालकाची पिशवी उभी केली. वल्लरी, त्यांची नववीतली मुलगी, हे सगळं दारात उभी राहून बघत होती.

“पप्पा, लाइक दॅट ऑल्सो कॅन सी, लाह,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. म्हणजे, असं झाकूनही दिसतेच आहे.

“तू अभ्यासाला बस.”

पाहुण्यांना साडेबाराचं बोलावलं होतं. ओदिलबाई अकराला दारात हजर. क्लेमांस मागून माफी मागत होती, आईला घरात बसवेना म्हणे. बाई ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि हात असे की बघत राहावं; नखांच्या कडा जांभळ्या, बोटं सांध्यांत जाड. हेमचंद्र लुंगीवर होते. ते “बोंजूर” म्हणून आत पळाले आणि पँट घालून परत येईपर्यंत बैठकीत कोणी नव्हतं.

बाई स्वयंपाकघरात होत्या. वहिनी स्टुलावर बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. चिमटीत दाणा धरायचा, दाबायचा, साल एका पातेल्यात, डाळिंबी दुसऱ्यात. ओदिलबाईंनी दुसरं स्टूल ओढलं, एक दाणा उचलला, दाबला. तो उडून थेट सिंकमध्ये गेला. वहिनी हसल्या, त्यांचा अंगठा धरून कसा वळवायचा ते दाखवलं. चार-पाच दाण्यांत बाईंना ते साधलं. वहिनी मराठीत बोलत होत्या, बाई फ्रेंचमध्ये, आणि दोघींचं कुठे काही अडत नव्हतं.

“आई विचारतेय, हे सगळं एकेक करून?” क्लेमांसने इंग्रजीत विचारलं.

“मग काय दहा-दहा करून?” वहिनी म्हणाल्या. वल्लरीने ते इंग्रजीत सांगितलं, क्लेमांसने फ्रेंचमध्ये, आणि ओदिलबाई मान मागे टाकून हसल्या.

हेमचंद्र दारात उभे होते. परीक्षा कुठल्यातरी भलत्याच खोलीत सुरू झाली असं त्यांना वाटलं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कोलंबीचं भानोलं, पोळ्या, वाफाळतं बिरडं आणि मोठ्या पोटाचे ग्लास मांडून घेतले, घसा साफ केला, आणि बॉम्ब शेल्टरमधून बाटली काढून आणली. बूच नेहमीसारखं वर आलेलं.

“श्वास घेतेय,” ते क्लेमांसला म्हणाले.

क्लेमांसने हे आईला सांगितलं नाही.

ओदिलबाईंनी बाटलीला हात लावला आणि हात तिथेच राहिला, जसा आपण ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो. मग ग्लास नाकाशी नेला. एक घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं. वल्लरीसुद्धा फोन खाली ठेवून बघू लागली. बाई हळू आवाजात मुलीला काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणाल्या?” हेमचंद्रांनी विचारलं.

क्लेमांसने पोळीचा तुकडा मोडला. “म्हणतेय की… ही दमली आहे.”

“प्रवासाने?”

“नाही. तुझ्या घरात दमली आहे. कुठे ठेवतोस विचारतेय.”

हेमचंद्रांनी बॉम्ब शेल्टरचं दार उघडलं. इतकी वर्षं ज्या खोलीचा त्यांना अभिमान होता ती त्यांनी ह्या वेळी जरा कमी उघडली. ओदिलबाई आत शिरल्या, बाटल्या, बरणी, कांदे बघितले, आणि रुमालाने मान पुसत बाहेर आल्या.

“आई म्हणतेय, इथे ती स्वतः एक दिवस राहू शकणार नाही. लोणचं मात्र सुखात असेल.”

“पण खोलीचं तपमान…” हेमचंद्र म्हणाले. आवाज अगदी बारीक.

क्लेमांसने विचारलं आणि उत्तर आणलं. “ती म्हणतेय, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या दगडी घरांत जेवताना स्वेटर घालायचे. तिची वाइन हलकी आहे, ती तर त्याहूनही गार करून प्यायची. तिची आजी बाटली बादलीत घालून विहिरीत सोडायची.”

हेमचंद्रांना एका क्षणात सगळं आठवलं: संजीवचा बर्फाचा खडा, फ्रान्सची ऊब, टायवाला माणूस. ओदिलबाई रागावल्या नव्हत्या, हेच जास्त वाईट होतं. त्यांनी ग्लास हळूच बाजूला सरकवला होता, आणि तो सरकलेला ग्लास म्हणजे पेटी गेली, एवढं कळायला फ्रेंच यायची गरज नव्हती.

“मम्मी गॉट वन इन द फ्रिज, वॉट,” वल्लरी म्हणाली.

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी शांतपणे बिरडं वाढत होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि थांबल्या.

हेमचंद्रांचा चेहरा त्या मिनिटात जे काही करत होता ते संजीवला बघायला मिळालं नाही, ह्याची त्याला अजून रुखरुख आहे.

“मधू,” ते म्हणाले, “तुझी ती बाटली.”

“काय माझी बाटली?”

“देतेस का?”

“जरा मोठ्याने बोला. कुकरची शिट्टी होतेय.”

कुकर केव्हाच उतरला होता.

“मधू, तुझी बाटली हवी आहे मला,” हेमचंद्र चांगले खणखणीत म्हणाले. “प्लीज.”

वहिनी लगेच उठल्या. फ्रिज उघडला. पालकाची पिशवी बाजूला केली, कोथिंबीर उचलली, नवऱ्याकडे एक नजर टाकली, “ही जुडी इथे कशी आली ते आपण नंतर बोलू,” म्हणाल्या, आणि बाटली पदराने पुसून टेबलावर ठेवली. लेबल तिरकं होतं. ओदिलबाईंनी ते बोटाने सरळ केल्यासारखं केलं आणि काहीतरी पुटपुटल्या. ते लेबल लावताना बाईंना कोणाचा तरी फोन आला असावा.

बूच निघालं. बाईंनी वास घेतला, आणि हेमचंद्रांच्या पुढ्यातला रिकामा ग्लास ओलांडून पहिला पेला वहिनींपुढे ठेवला. “आमच्याकडे पहिला रांधणाऱ्याला,” क्लेमांसने सांगितलं.

वहिनींनी घोट घेतला. जिभेवर फिरवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, सर्वांत जास्त हेमचंद्र.

“द्राक्षासव नाही हे,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “तुम्ही इतकी वर्षं हे सांगायचा प्रयत्न करत होतात होय?”

“हो ना गं.”

“मग नीट सांगायचंत.”

ओदिलबाईंनी बिरड्याचा घास घेतला, वर एक घोट, परत घास. वाटी संपली तशी त्यांनी ती स्वतःच पुढे केली. हेमचंद्र तो क्षण आजही सांगतात: बिरडं आणि वाइन, म्हणजे आपलं मत, जगातल्या एकमेव अधिकारी व्यक्तीने वाटी पुढे करून मान्य केलं. त्यांनी घोट घेतला तेव्हा जांभूळ होतं, मिरी होती, आणि तो कोकमाचा चटका, जो ह्या घरात पहिल्या बाटलीनंतर पुन्हा लागलाच नव्हता. पहिली बाटली क्लेमांसच्या एसी लावलेल्या खोलीतून आलेली. इतकी साधी गोष्ट. ऊन ऊन द्राक्षासव पीत ते दरवर्षी त्या चटक्याची वाट बघत बसले होते.

निघताना वहिनींनी स्टीलच्या डब्यात कोरडे वाल भरून दिले. दारात बाई मुलीशी बोलल्या, मग वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला. क्लेमांस हसत होती.

“आई म्हणतेय, ज्या घरात एकेक दाणा हाताने सोलतात तिथे पेटी जाणार.”

हेमचंद्रांनी सुस्कारा सोडला.

“पण पेटी मादामच्या नावावर. तुझा त्या खोलीवर फार विश्वास आहे म्हणते.”

पेटी आली ती ‘मादाम मधुमती टिपणीस’ ह्या नावाने. वरच्या बाजूला कागदात गुंडाळलेला स्टीलचा डबा होता, आणि तो रिकामा नव्हता. अक्रोड होते, बाईंच्या अंगणातल्या झाडाचे. फ्रिजचा भाजीचा मोठा कप्पा आता बाटल्यांचा झाला आहे. पालक, कोथिंबीर वरच्या फळीवर राहतात आणि लवकर सुकतात, त्यावरून बोलणी हेमचंद्रच खातात. बॉम्ब शेल्टरमध्ये लोणचं सुखात आहे.

प्रवचन मात्र बंद झालेलं नाही. परवा संजीवने पेला हातात घेऊन जरा वेळ गप्पा मारल्या, तर हेमचंद्र त्याच्यावर घसरले. “पी लवकर. गरम करतोस काय? लाल वाइन गारच प्यायची असते, एवढंही माहीत नाही? माणसाने थोडं वाचावं.”

संजीवने वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही प्या. मी बर्फ पण देते हवा तर.”

शनिवारी संध्याकाळी आता शर्टाचं वरचं बटण काढून हेमचंद्र स्टुलावर बसतात आणि वाल सोलतात. सुरुवातीला दाणे सिंकपर्यंत उडायचे, आता फक्त गॅसपर्यंत. पातेलं अर्धं झालं की ते विचारतात, “मधू, उघडायची का आज एक?”

“आज पडवळ आहे.”

“हे वाल?”

“ते उद्याचे. उद्या विचारा.”

हेमचंद्र पुढचा दाणा चिमटीत धरतात.